व्हिसावरचा स्टोअरकीपर

वासुदेव साळवी सतरा वर्षं आखातात, उम्म अल कुवैनच्या एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होता. कागदोपत्री मात्र स्टोअरकीपर. एक्याऐंशी साली कंपनीकडे ड्राफ्ट्समनचा व्हिसा शिल्लक नव्हता, म्हणून जो होता त्यावर त्याला आणलं. त्यानंही तेव्हा काही विचारलं नाही. चिपळूणहून निघालेल्याला व्हिसा मिळाला हेच खूप होतं. गोदामाची किल्ली त्यानं कधी हातातही धरली नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास शारजात, तो राहायचा त्या अल मजाजच्या घराघरांत कॅनडाचा विषय निघू लागला. इथं कितीही वर्षं राहा, नोकरी सुटली की गाशा गुंडाळायचा. तिथं म्हणे कामाच्या अनुभवाला गुण देतात, ते पुरेसे भरले की कायमचं राहता येतं. वासुदेवची मुलगी प्रज्ञा शारजातच जन्मलेली, आता दहावीत. तिच्यासाठी सुजातानं अर्ज आणला आणि नवऱ्याच्या मागे लागून भरून घेतला. कॅनडाच्या कामांच्या यादीत ड्राफ्ट्समन होता, स्टोअरकीपर नव्हता.

अनुभवाचं पत्र कंपनीनं द्यायचं होतं. मॅनेजर अन्वर हैदराबादचा, माणूस वाईट नव्हता. व्हिसावरचा हुद्दा बदलून द्या म्हटलं की गेली दोन वर्षं तो ‘इन्शाल्ला’ म्हणत आला होता. पत्राचं ऐकल्यावर मात्र त्यानं उठून दार लावलं.

“वासुभाई, लेटरहेडपे ड्राफ्ट्समन लिख दिया तो कंपनी खलास. और तुम भी.”

एका हुद्द्याच्या व्हिसावर दुसरंच काम करून घेतलं हे कंपनीनं स्वतःच लिहून दिल्यासारखं होईल, असं त्यानं समजावलं. शेवटी पत्र दिलं ते एवढंच, की सतरा वर्षं नोकरीत, वर्तणूक उत्तम. कामाचं नावच नाही.

अबू धाबीला कॅनडाच्या वकिलातीत मुलाखतीच्या दिवशी वासुदेवनं आपली ड्रॉइंग्ज गुंडाळून नेली. समोर एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. त्यांनी ती उलगडून नीट पाहिली. प्रत्येकावर सही कंपनीच्या इंजिनिअरची. मग बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि जिन्याचा छेद काढायला सांगितला. मोजपट्टी नव्हती. वासुदेवनं दहा मिनिटांत पायऱ्या, कठडा, मापं सगळं काढलं. बाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला, मग पासपोर्टमधला व्हिसा पाहिला.

“माझा तुमच्यावर विश्वास आहे,” त्या हळूच इंग्रजीत म्हणाल्या. “पण माझ्या विश्वासाला गुण नाहीत. गुण कागदांना आहेत.”

तीन आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. ओळखीतल्या एकानं दुबईतल्या देराच्या एका माणसाचं नाव सुचवलं, हवं ते पत्र शिक्क्यासकट करून देणारा. सुजाता म्हणाली, जाऊन या. वासुदेव गेला नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं. पकडलो तर हातचंही जाईल, ही भीती. त्या घरात मग आठवडाभर कामापुरतंच बोलणं झालं. शेवटी प्रज्ञाच म्हणाली, “इट्स ओके, बाबा. आय विल गो टू पुणे.”

बारावी करून ती पुण्याला गेली. दुसऱ्याच आठवड्यात सकाळी तिचा फोन आला. कॉलेजमध्ये डोमिसाइलचा दाखला मागत होते, महाराष्ट्रात राहिल्याचा. ती तर सुट्टीपुरतीच येऊन गेलेली. कारकून म्हणाला, मग परदेशी मुलांच्या कोट्यातून अर्ज भरा. त्या कोट्याची फी आपल्याला झेपणारी नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

“सो व्हॉट डू आय डू नाऊ, बाबा?”

कुणाला तरी विचारतो, वासुदेव म्हणाला. कुणाला, ते त्यालाही सुचत नव्हतं. सुजाता रिसीव्हरसाठी हात पुढे करून उभी होती. तिच्या हातात तो देऊन त्यानं बूट चढवले. कंपनीची बस खाली येऊन थांबली होती.