लालासाहेबांची हमी

अलीकडे मुलीच्या बापांची एक तऱ्हा झाली आहे. जावई कसाही असो, तो लांब असला पाहिजे. पुण्यात असला तर बरा, दुबईत असला तर सोन्याहून पिवळं. गावातच राहतो म्हटलं की लगेच त्याच्यात काय खोट आहे याची चौकशी सुरू होते.

धनाजीत नेमकी तीच खोट होती. दुबईच्या गोदामात चार वर्षं खोकी उचलून तो कायमचा जतला परत आला होता आणि शेड टाकून माडग्याळ मेंढ्या पाळत होता. बाकदार नाकाच्या या मेंढ्या बघायला कर्नाटकातून गिऱ्हाईक यायचं. धंदा झकास चालला होता, पण लग्नाच्या बाजारात त्याच्यापेक्षा त्याच्या मेंढ्यांनाच जास्त भाव होता.

शेवटी त्याच्या तानाजीमामांनी मनावर घेतलं. कराडच्या लालासाहेबांची मुलगी पल्लवी बघायला गेले तेव्हा धनाजीनं तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "दुबईला असतो. सुट्टीवर आलाय."

लालासाहेब साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. त्यांच्या बापानं जतच्याच माळावर मेंढरं राखली होती, पण कराडला फ्लॅट घेतल्यापासून ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत. मापात मारणारे उसाचे ट्रॅक्टरवाले रोज बघून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता.

"सुट्टीवर सगळीच येत्यात," ते म्हणाले. "मागचं पोरगं कतारला हाय म्हणलं, आन् मिरजंत मोबाईलची कव्हरं इकताना घावलं. ह्यो विमानाला जाताना मी डोळ्यांनी बघणार, मगच सुपारी फोडू. आन् परतीचं तिकीट काढायचं न्हाई. ते खिशात असलं की माणूस तिकडं रुजत न्हाई."

गच्चीवर दोघांना बोलायला पाठवलं तेव्हा पल्लवीनं त्याच्या मोबाईलवरचे मेंढ्यांचे फोटो एकेक करून पाहिले. पिल्लांची नावं विचारली. धनाजीला ती इतकी आवडली की त्यानं तिला सगळं खरं सांगून टाकलं.

"महिनाभर जाऊन या," ती म्हणाली. "अण्णांचं समाधान हुईल. मग बघू."

तिच्यासाठी तो महिनाभर काय, उघड्या माळावर उन्हाळा काढायला तयार होता. कामाचा व्हिसा कधीच संपला होता, म्हणून त्यानं पर्यटकाचा काढला आणि सासऱ्याच्या अटीप्रमाणे फक्त जाण्याचं तिकीट घेतलं. मेंढरं चुलतभावाच्या हवाली केली.

त्याला पोचवायला लालासाहेब गाडी करून मुंबईच्या विमानतळापर्यंत आले. सोबत हार, पेढे, तानाजीमामा आणि पल्लवी. आत सोडत नाहीत म्हटल्यावर ते काचेला नाक लावून उभे राहिले.

काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट चाळला. "परतीचं तिकीट?"

"न्हाई."

"मग तिथून पुढे दुसऱ्या देशात जाणार असाल तर त्याचं?"

"त्ये बी न्हाई."

तिनं शांतपणे समजावलं. पर्यटक म्हणून जाणारा माणूस तिथून निघणार आहे, याचा पुरावा लागतो. नाहीतर तिकडचे लोक त्याला माघारी धाडतात आणि भुर्दंड विमान कंपनीला बसतो. "मोबाईलवर आत्ता काढलंत तरी चालेल," ती म्हणाली.

धनाजीला हसावं की रडावं कळेना. तिकडच्या देशाला तो निघणार याची खात्री हवी होती आणि सासऱ्याला तो येणार नाही याची. गुपचूप तिकीट काढून टाकावं असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात फोन वाजला.

"काय अडलंय रं?" लालासाहेबांना काचेतून सगळं दिसत होतं.

"परतीचं तिकीट मागत्यात, अण्णा. त्याबिगर सोडत न्हाईत."

"स्पीकरवर टाक. मी बोलतो बाईशी." काट्यावर ट्रॅक्टरवाल्यांना दरडावणारा आवाज काउंटरभर घुमला. "बाई, मी ह्येचा सासरा. पोरगं सरळ हाय. एकदा गेलं की अजिबात परत येणार न्हाई. माझी हमी हाय. लेखी पायजे तर लेखी देतो."

रांगेतली माणसं फिस्सकन हसली. मुलीनं पासपोर्ट मिटून धनाजीकडे सरकवला आणि तिच्या वरच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी दोन प्रश्न विचारून मान हलवली. आज जाता येणार नाही.

खरं तर धनाजीला वाईट वाटायला हवं होतं. त्याला एकदम मोकळं वाटलं, आणि इतके दिवस गप्प बसल्याची लाजही वाटली. तो ट्रॉली ढकलत बाहेर आला.

"माघारी कशाला आलास?" लालासाहेबांनी विचारलं.

"ऱ्हायला," तो म्हणाला. "दुबई कवाच सुटली, अण्णा. मेंढरं हायत माझी जतला, त्यावरच पोट हाय. मामा खोटं बोलले आन् मी ऐकून घेतलं. चुकलं माझं. पर आता कुठं जात न्हाई."

तानाजीमामा पेढ्याच्या खोक्यावरची किंमत वाचू लागले. लालासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. जावई दुबईला चालला म्हणून त्यांनी अख्ख्या कारखान्यात सांगून ठेवलं होतं.

"लगीन मोडलं," ते म्हणाले. "पल्लवी, गाडीत बस."

पल्लवी हलली नाही.

"अण्णा, ह्यो परत येणार न्हाई म्हणून तुमी आत्ता त्या बाईला हमी दिली?"

"दिली की."

"मग माझं लगीन तुमी कुणाशी लावत हुता?"