इस्त्रीच्या दुकानामागचा स्टुडिओ

घरात सगळे तिला खटपटी म्हणत, आणि ते काही उगीच नव्हे. घड्याळ उघडून बघ, पंखा उघडून बघ, असं करता करता सोळाव्या वर्षी तिच्या हाती एक जुना कॅमेरा लागला आणि घरातल्या बाकीच्या वस्तूंच्या जिवात जीव आला. शिकवायला कोणी नव्हतं. फोनवरचे व्हिडिओ बघायचे, चुकायचं, पुन्हा बघायचे, असं करत ती शिकली.

बाबांचं लॉन्ड्रीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत तिने स्टुडिओ थाटला. जागा तशी मोक्याची. पडद्याला पांढऱ्या चादरींचा तोटा नाही, खिडकीतून उजेड भरपूर, आणि गिऱ्हाईक दारात येतं तेच मुळी कडक इस्त्रीचे कपडे न्यायला. "काका, शर्ट एवढा झकास झालाय, आत चला ना, एक फोटो काढू," असं म्हटलं की शंभरातले पंचवीस आत यायचेच. कोणाला अर्जाला लावायला फोटो हवा असायचा, कोणाला दुकानाच्या पाटीवर. एका न्हाव्याने तर नुसता आईला पाठवायला काढून घेतला.

पण फोटोचं एक असतं. चांगला हसता-बोलता माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की बिघडतो. मान ताठ, खांदे वर, आणि चेहरा असा की आताच कोणीतरी शिक्षा सुनावलीय. खटपटीने त्यावर तोड काढली. ती एक-दोन फोटो उगाच काढायची, "झालं" म्हणायची, आणि समोरचा माणूस हुश्श करून सैल पडला की खरा फोटो टिपायची. त्या हुश्श करणाऱ्या चेहऱ्यांवरच तिचा धंदा चालला होता.

बाबांना मात्र त्या खोलीत नवं धुलाईचं मशीन बसवायचं होतं. ते वाईट नव्हते, पण हिशोबी होते. "एक तरी मोठं काम आणून दाखव," ते म्हणाले. "नाहीतर महिनाअखेरीला मशीन आत आणि तू बाहेर. मग मला बोल लावू नकोस."

मोठं काम आलं ते समोरच्या हॉस्पिटलातून. दारापाशीच्या भिंतीवर सगळ्या नर्सचे फोटो लावायचे होते. आधी कोणाकडून तरी काढून घेतले होते, पण त्यात सगळ्या जणी पोलिसांना हव्या असल्यासारख्या दिसत होत्या. नर्सच्या प्रमुख मेट्रनबाईंनी निरोप पाठवला की आधी माझा एक काढून दाखव, जमला तर बाकीच्यांचे. खटपटीला रात्रभर झोप आली नाही. पडद्याला लावायच्या चादरीला त्या दिवशी बाबांनी स्वतः इस्त्री केली.

मेट्रनबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारं प्रकरण. त्या आल्या, स्टुलावर ताठ बसल्या, आणि खोलीची तपासणी करावी तशी नजर फिरवली. खटपटीने दोन फोटो काढले आणि म्हणाली, "झालं."

मेट्रनबाई तसूभरही हलल्या नाहीत.

"झालं, बाई," ती पुन्हा म्हणाली.

"नाही झालं," मेट्रनबाई म्हणाल्या. "तू झालं म्हणतेस आणि मग काढतेस. तुझी आत्या गुडघा दाखवायला आली होती. अख्ख्या वॉर्डाला सांगून गेली, आमची पोरगी काय हुशार आहे म्हणून."

आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खटपटीला ठाऊक होतं, पण कौतुकाच्या भरात ती असं पितळ उघडं पाडेल असं वाटलं नव्हतं. तिने इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. एक विनोद सांगितला, तो मध्येच विसरली. खिडकीचा पडदा सरकवला, परत लावला. मेट्रनबाईंचा चेहरा बंद दुकानासारखा होता तसाच राहिला. कपड्यांच्या ढिगामागून बाबा डोकावत होते. खोली हातची चाललीय हे तिला स्वच्छ दिसलं आणि तिला रडू यायला लागलं.

"बाई, खरं सांगू?" ती म्हणाली. "मला तेवढंच येतं. दुसरं काही कोणी शिकवलंच नाही."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. लांबून फोटो काढायचा छोटा रिमोट तिच्या हातून दोनदा खाली पडला होता.

"इकडे ये. बस खाली," त्या म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लंयस का? नाही ना? वाटलंच मला."

खटपटी स्टुलासमोर कपड्यांची टोपली उपडी घालून बसली. स्टँडवरचा कॅमेरा आता तिच्या डोक्यावरून मेट्रनबाईंकडे बघत होता. मेट्रनबाईंनी तिचा रिकामा हात घेतला, मनगटावर बोटं ठेवली. "लांब श्वास घे. हळू. अशी कशी घाबरतेस, मी काय खाते का तुला?"

खटपटीने मान वर केली. मेट्रनबाईंचे खांदे उतरले होते, कपाळावरची आठी गेली होती, आणि त्या तिच्याकडे अशा बघत होत्या की आता काही वाईट होणारच नाही. एवढी माया या चेहऱ्यात मावत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आता खरंच काढतेय. सांगून."

"काढ की. मी नाडी मोजतेय, बोलू नकोस."

तिने दुसऱ्या हातातल्या रिमोटचं बटण दाबलं.

खटपटीने कॅमेरा स्टँडवरून काढून मेट्रनबाईंच्या हातात दिला. "मी अशी बघते त्यांच्याकडे?" त्यांनी विचारलं. "पेशंटकडे?"

"माझ्याकडे तरी बघितलंत."

"इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "मला कधी कळलंच नाही." त्यांनी चष्मा काढून, पदराने नव्हे, मागच्या चादरीचं टोकच ओढून पुसला, आणि बाबांनी तिची इस्त्री मोडलेली बघूनही जीभ आवरली. "सगळ्यांचे असेच काढ. प्रत्येकीसमोर एक घाबरलेला माणूस बसव म्हणजे झालं. पण रोज एवढी घाबरलेली माणसं आणायची कुठून?"

खटपटीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. तेवढ्यात बाबा कपड्यांच्या ढिगामागून बाहेर आले. मशीनचं काय, हे त्यांनी कोणाला विचारू दिलं नाही.

"मी बसतो," ते म्हणाले. "नर्स नुसती लांबून दिसली तरी मला दरदरून घाम फुटतो."

आणि शर्टाची बाही वर सरकवत ते त्या उपड्या टोपलीवर जाऊन बसले.