चौदा नंबर डावीकडे ओढते

वेबसाइट गेली हे मला मंगळवारी सकाळी कळलं, आणि तेही भांडायला आलेल्या एका बाईकडून.

मी संस्थेच्या गोडाऊनमध्ये एका व्हीलचेअरचं पुढचं चाक काढून बसलो होतो. दारात बाई येऊन उभी राहिली. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती. शिवणकाम अर्धवट टाकून आली असणार.

"बंद केलंत ना हे सगळं?" ती म्हणाली.

"नाही हो. मी बसलोय की इथं."

"मग ते जोडे कसले विकताय?"

मला काही कळेना. तिनं फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. आमच्या वेबसाइटचं नाव वर बरोबर होतं. खाली जोड्यांची जाहिरात होती. अर्ध्या किमतीत.

तिच्या आईचा खुबा मोडला होता. तीन वर्षांपूर्वी नवऱ्यासाठी तिनं आमच्याकडून खुर्ची नेली होती, म्हणून या वेळीही तिनं आधी वेबसाइट उघडली. जोडे दिसले. संस्था बुडाली असं समजून तिनं शेजाऱ्याला हाताशी धरलं आणि आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवायला घेतला. दुसऱ्याच पायरीवर खुर्चीचा पाय मोडला.

"आता मनगटही गेलं," ती म्हणाली. "खुब्याला सोबत झाली."

मी बावीस नंबरची खुर्ची काढून दिली. म्हटलं, "उजव्या पायाची पट्टी सैल होते, रोज आवळत जा."

"ते मला माहीत आहे. मागच्या वेळी हीच होती." तिनं खुर्ची उलटी केली, बैठकीखालच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून घडी घातलेला कागद काढला आणि मला दाखवला. "ताईंनी लिहूनच ठेवलंय. ताई कुठं आहेत?"

ताई म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चार महिने झाले होते. मी तसं सांगितलं. बाई मग भांडली नाही. खुर्ची ढकलत निघून गेली, आणि मला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

संस्था हिची. घरी आजारी माणूस असलेल्यांना आम्ही व्हीलचेअर, वॉकर, खाटा फुकट वापरायला देतो. काम झालं की परत आणायच्या. अठरा वर्षांपूर्वी हिनं आमच्या मागच्या खोलीत तीन खुर्च्यांवर हे सुरू केलं. मी कारखान्यात फिटर होतो, त्यामुळे दुरुस्ती माझ्याकडे. माणसं आणि वेबसाइट हिच्याकडे.

वेबसाइट ती पंचावन्नाव्या वर्षी शिकली, परगावी असलेल्या लेकीकडून, फोनवर. दोघी इतक्या भांडायच्या की मी बाहेर जाऊन बसायचो. पण जे केलं ते हिच्या डोक्यानं केलं. पान उघडलं की सगळ्यात वर फोन नंबर, मोठ्या अक्षरात. त्याखाली आज गोडाऊनमध्ये काय आहे त्याची यादी. आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूला तिचं स्वतःचं पान, त्यात तिची खोड लिहिलेली. 'चौदा नंबर डावीकडे ओढते. उतारावर उजवा हात घट्ट धरा.' 'एकतीस नंबरची खाट वर करताना कुरकुरते. घाबरू नका, मोडत नाही. तिचा स्वभाव आहे.'

मला राग यायचा. "माझ्या कामाची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस," मी म्हणायचो.

"मग नीट करा ना. करा, की लगेच खोडते."

चौदा नंबरची सांगाड्यातली वाकडी नळी मला चार वेळा खोलूनही सापडली नाही. ती ओळ राहिली.

कुठलंही नवं पान टाकण्याआधी ही कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायची आणि न्हाव्याला ते मोठ्यानं वाचायला लावायची. तो जिथं अडखळेल तिथं खोडायची. एकदा तो म्हणाला, "ताई, 'उपलब्धतेनुसार' म्हणताना माझी जीभ वळत नाही, आणि हातात वस्तरा आहे. गिऱ्हाइकाचा तरी विचार करा." हिनं तिथंच खोडून लिहिलं, 'असेल तर देऊ'.

ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी तेच पान कागदावर छापून ती प्रत्येक वस्तूच्या पाकिटात घालायची.

आता माझी चूक सांगतो. आमच्या घरी कित्येक वर्षं एक नियम होता. माझ्या अवजारांच्या पेटीला हिनं हात लावायचा नाही, हिच्या फोनला मी नाही. ही गेल्यावर मी तो फोन कपाटात ठेवला, रोज सकाळी चार्ज केला, आणि उघडला नाही. वाजलाही नाही. लोकांना कळलं असेल, म्हणून कुणी करत नसेल, असं मी धरून चाललो.

त्या मंगळवारी लेकीला विचारून फोन उघडला. दवाखान्यात असताना हिनं आवाज बंद केला होता, तो तसाच होता. एकशे बारा फोन येऊन गेले होते. वेबसाइटचं नाव सांभाळणाऱ्या कंपनीची पाच पत्रं होती: मुदत संपत आली, संपली, आता शेवटची संधी. शेवटचं पत्र दोन महिन्यांपूर्वीचं.

"बाबा, नाव दुसऱ्यानं घेतलंय," लेक म्हणाली. "आणि पानं कंपनीनं पुसली."

"परत मागून बघ."

"बघितलं. काही उरलं नाहीये बाबा."

मी एकशे बारा जणांना फोन लावले. दोन दिवस लागले. बऱ्याच जणांनी दुसरीकडून काहीतरी सोय केली होती. काहींना आता गरज राहिली नव्हती. का राहिली नाही, ते त्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं.

रविवारी समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणजे हिचा मावसभाऊ. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, माणूस सरळ, पण चहाचा कप उचलायचा तरी ठराव मांडेल. त्यानं सोबत वेबसाइट करणाऱ्या एका तरुणाला आणलं होतं. तरुणानं भिंतीवर नवी वेबसाइट दाखवली. भिंतभर एका म्हातारीचे सुरकुतलेले हात. त्यावर अक्षरं आली: आधार. आशा. आपुलकी.

"हात कुणाचे?" मी विचारलं.

"विकत मिळतात, काका."

मग 'आमची कहाणी', 'आमची दृष्टी', आणि देणगीचं लाल बटण. खाली जाता जाता माझी मान दुखली.

"फोन नंबर?"

"'संपर्क'मध्ये आहे. पण लोकांनी फॉर्म भरलेला बरा. दोन दिवसांत उत्तर जाईल."

"आई दुसऱ्या मजल्यावर अडकलीय. दोन दिवस तिनं काय करायचं? पायऱ्या मोजायच्या?"

मी यादीबद्दल विचारलं. तरुण म्हणाला, वस्तूंचे छान फोटो टाकू, पण ते दोष नकोत. "काका, मोडक्या खुर्च्यांना देणगी कोण देईल?"

"मोडकी नाही," मी म्हटलं. "डावीकडे ओढते."

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भावजी, ताईचं एक मोठं पान करू. फोटो, तिचं काम, लोकांच्या आठवणी. अगदी पहिलं पान तिचंच."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मन वळलं. हिचा एक फोटो आहे, गोडाऊनच्या दारातला, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे चिडलेली. तो तिथं बघायला मला आवडला असता. पण मग ती शिवणवाली बाई डोळ्यांसमोर आली.

"ती वर गेली म्हणून कुणाची आई खाली उतरणार आहे का?" मी म्हटलं. "तिथं फोन नंबर येईल. चला माझ्याबरोबर."

"कुठं?"

"दाढी करायला."

आम्ही तिघं सलूनमध्ये गेलो. न्हाव्यानं नुकताच एका गिऱ्हाइकाच्या गालांना फेस लावला होता. मी तरुणाचा फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "तुझी आई पडलीय. आजच खुर्ची हवी. शोध."

तो एका हातानं फोन सरकवायला लागला. "हात कुणाचे हे? बाईनं क्रीम तरी लावायचं... कहाणी. कहाणी नको हो, खुर्ची द्या... दृष्टी. डोळ्यांचा दवाखाना पण काढला का, मिस्त्री?... हां, फॉर्म. नाव लिहिलं. 'आपला उद्देश निवडा.' साहेब, आई पडली, यात माझा काय उद्देश असणार?"

"भाऊ, माझी दाढी," गिऱ्हाईक म्हणालं.

"थांबा हो, इथं माझी आई पडलीय."

गालांवरच्या फेसाचा वाळून पांढरा पापुद्रा झाला. नंबर सापडला नाही. तरुणाचे कान लाल झाले, पण तो प्रामाणिकपणे म्हणाला, "नंबर वर आणता येईल." अध्यक्ष म्हणाले, नंबर ठीक आहे, बाकीचं समितीनं मंजूर केलंय, पहिल्या तारखेला वेबसाइट सुरू होईल.

"मंजूर कोणी केलं?"

"चार जणांनी. तुम्ही चाक काढत बसला होतात."

"आणि हिची पानं?"

"भावजी, ती पुसली गेली. नसलेल्या गोष्टीसाठी किती भांडाल?"

मी परत निघालो. रस्ता ओलांडताना मला ती बाई आठवली, खुर्ची उलटी करून पाकिटातून कागद काढणारी. मी तिथंच थांबलो. मागून हॉर्न वाजले, शिव्याही आल्या. पानं पुसली गेली नव्हती. ती एकसष्ट पाकिटांत होती. काही गोडाऊनमध्ये, बाकीची लोकांच्या घरी, त्यांच्या माणसांच्या बुडाखाली.

दुसऱ्या दिवसापासून मी हिच्याच फोनवरून एकेकाला फोन करायला लागलो. "खुर्ची उलटी करा, कागद काढा, फोटो पाठवा." एकाचे वडील खुर्चीतच झोपले होते, तर म्हणाला, उठले की काढतो. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्याकडे मी स्वतः गेलो. कागद आले ते नुसते हिचे राहिले नव्हते. मागच्या बाजूला लोकांनी भर घातली होती. 'लिफ्टमध्ये उलटी न्या, सरळ मावत नाही.' 'कुरकुर तेलानं थांबते, पण दोनच दिवस.' एकानं फक्त लिहिलं होतं, 'हिनं चांगली साथ दिली.' मी तेही लिहून घेतलं.

लेक रोज संध्याकाळी ते टाइप करायची. नवं नाव तिनंच घेतलं, संस्थेचंच, पुढे गावाचं नाव जोडून. "फोटो कुठला टाकू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, वस्तूंचे टाक, आहेत तसे. "आणि नंबर? तुमचा की आईचा?" मी म्हटलं, आईचा. लोकांकडे तोच आहे. उचलेन मी.

पानं टाकण्याआधी मी न्हाव्याकडे गेलो. त्यानं सगळी वाचली. माझ्या एका पानावर तो अडखळला. 'सदर वॉकरच्या' असं मी लिहिलं होतं. "सदर कोण?" तो म्हणाला. "कोर्टात उभा केलाय का वॉकरला?" खोडलं.

पहिल्या तारखेच्या दोन दिवस आधी आमची वेबसाइट सुरू झाली. दुपारी अध्यक्षांचा फोन आला.

"भावजी, परवानगी कुणाची घेतली?"

"न्हाव्याची."

"हे बरोबर नाही. मी समितीसमोर ठेवणार आहे."

"ठेवा. पण तुमच्या म्हातारीच्या हातांना भुलून कुणी दारात आलं, तर त्याला खुर्ची मी देणार आहे, आणि देताना तिची खोडही सांगणार आहे. ती तुमच्या ठरावानं सरळ होत नाही."

त्यांनी फोन ठेवला. मग हिच्या फोनची घंटा वाजली. आता आवाज मी चालू ठेवतो. एक माणूस खाट मागत होता. "एकतीस नंबर चालेल," तो म्हणाला. "कुरकुरू दे. आमचे वडीलही कुरकुरतात."

त्याला आता तीन आठवडे झाले. समितीच्या वेबसाइटवर हात आहेत, आमच्या वेबसाइटवर खुर्च्या. फोन आमचा वाजतो. समितीचं पत्र आलंय, मी अधिकाराबाहेर वागलो म्हणून. खरंच आहे ते. उत्तर दिलेलं नाही.

काल न्हावी गोडाऊनमध्ये येऊन नवी यादी वाचत होता. शिवणवाली बाईही होती, पट्टी बदलायला खुर्ची घेऊन आली होती.

"बारा, तेरा, पंधरा," न्हावी थांबला. "मिस्त्री, चौदा?"

"बाहेर आहे."

"कुणाकडे?"

मी पाना शोधायला लागलो. बाईनं माझ्याकडे बघितलं, आणि न्हाव्याला म्हणाली, "तुम्ही पुढं वाचा."

चौदा नंबर आमच्या घरी खिडकीपाशी आहे. शेवटचे सात महिने ही त्यात होती. पाकिटातला कागद मी अजून काढलेला नाही. काढला की खुर्ची यादीत जाईल, आणि यादीत गेली की कुणीतरी ती मागेल. मागेल त्याला द्यावी लागेल, तसा नियमच आहे, हिनंच केलेला.

साठ पानं झाली. चौदा नंबरचं राहिलंय.