असरच्या नमाजानंतर

ग्लासगोला अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारी निशात सकाळी आपल्या शिकवणीच्या वर्गाची टिपणे काढत असताना वडशाहून धाकट्या भावाचा, फैजचा फोन आला. अब्बा गेले होते.

"आपा, तू निघ. बर्फाची पेटी सांगतली आहे," फैज रडत म्हणाला. "तुयाबिगर कसे नेऊ त्याईले?"

निशातने विमानाच्या वेळा पाहिल्या. नागपूरला उतरायलाच उद्याची संध्याकाळ होणार होती. अब्बांचे तोंड एकदा पाहावे, एवढेच तिला हवे होते आणि घरचे थांबायलाही तयार होते. पण अब्बा, म्हणजे गावाचे वहाब टेलर, तीस वर्षे गावातल्या प्रत्येक मय्यतीचे कफन स्वतः बेतून देत आले होते. परगावच्या नातलगासाठी कोणी खोळंबले, की ते दारातच कडाडत, "काऊन ताटकळत ठेवता त्याले? तुमची हौस फिटाले?"

"थांबू नका," निशात म्हणाली. "असरच्या नमाजानंतर घेऊन जा."

"आपा, पक्कं?"

"अब्बानं कधी कोणाले थांबू देल्लं का रे?"

फोन ठेवल्यावर तिला काहीच सुचेना. अकराचा वर्ग होता, म्हणून ती वर्गावर गेली. तिने फळ्यावर मागणीची रेषा काढली. एका मुलीने शंका विचारली. उत्तर देता देता निशातचे लक्ष घड्याळाकडे गेले. वडशाला पावणेपाच झाले होते. असरचा नमाज आटोपून अब्बांना आता उचलले असेल. तिने उत्तर अर्धवट सोडले, फळ्याकडे तोंड केले आणि परक्या मुलांसमोर ती हुंदके देऊन रडू लागली.