'आली' म्हटल्याशिवाय

गाडीवाल्याने खोकं टेबलावर ठेवलं तरी टेलिफोन केंद्रातल्या टेक्निशियनचा हात ते उघडायला धजेना. आत काय आहे आणि ते कुठून आलंय, हे त्याला न सांगताच कळलं होतं.

आत सिग्नलिंगच्या कपाटाचं प्रोसेसर कार्ड होतं. लोकांचं बोलणं या कार्डातून जात नाही. कुणाची घंटी वाजवायची, कुणाला कुणाशी जोडायचं, कधी तोडायचं, एवढंच ते ठरवतं. पण ते रुसलं की गावभरचे फोन नुसते शोभेचे. बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच हात वर केले होते, त्यामुळे एखादं जुनं केंद्र मेलं तरच दुसऱ्याला कार्ड मिळायचं. हे कार्ड पलीकडच्याचं होतं.

पलीकडचा म्हणजे लाईनच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रातला माणूस. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. कपाटाला टांगलेला हँडसेट उचलला की तो असायचाच, म्हणून नाव-पत्ता विचारायचं कधी सुचलं नाही. "आपण दोघंही पलीकडचेच," तो एकदा खोकत खोकत हसला होता, "अलीकडं कुणीच नाही बघ."

दोघांची एक रीत होती. कार्ड काढायचं तर आधी हँडसेटवर सांगायचं. पलीकडून 'घे' आलं की काढायचं. नवं बसवल्यावर पलीकडून लाईन 'आली' असं ऐकू आल्याशिवाय कपाटाचं दार लावायचं नाही. हिरव्या दिव्यावर दोघांचाही भरवसा नव्हता. दिव्याला काय, हिरवं व्हायला कारण लागत नाही, असं पलीकडचा म्हणायचा.

केंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत टेक्निशियनची बायको अंथरुणाला खिळून होती. तिच्या उशाशी त्याने बटण बसवलं होतं. ते दाबलं की कपाटाशेजारची घंटी वाजायची आणि हा हातातलं काम टाकून तिची कूस बदलायला जायचा. गप्पांच्या मध्येच ती वाजली की पलीकडचाच आधी म्हणायचा, "जा रे, वहिनी बोलावतायत. मी काय पळून जातोय?"

अलीकडे लाईन रोज पडू लागली होती. दोष टेक्निशियनच्या कार्डात होता. पण लाईन पडली की लाल दिवा दोन्हीकडे लागतो; दुखणं नेमकं कुणाचं, ते त्या दोन माणसांनाच ठाऊक. अशात मुख्य कार्यालयाने विचारलं, दोनपैकी एकच केंद्र ठेवायचंय, खराब कपाट कुणाचं? केंद्र गेलं तर खोल्या जाणार, बदली लांबच्या शहरात होणार, आणि तिथे दिवसभर बायकोकडे कोण बघणार? मनावर दगड ठेवून त्याने सांगितलं की आमचं ठणठणीत आहे. पलीकडचा आता खरं काय ते सांगेल आणि सगळं उघडं पडेल, याची तो वाट बघत बसला. पण त्याच्याशी बोलायला मात्र तोंड उरलं नव्हतं. काल सकाळी हँडसेट कितीतरी वेळ वाजत राहिला आणि टेक्निशियन खुर्चीत बसून त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

"तिथल्या काकांनी स्वतः काढून दिलं," गाडीवाला म्हणाला. "आमचं कपाट कामातून गेलंय, असं त्यांनीच वर कळवलं म्हणे."

"काढायच्या आधी काही बोलले?"

"फोन कानाला लावून उभे होते बराच वेळ. कुणी उचलेना. मग आपणच म्हणाले, 'घेतो रे', आणि काढलं."

टेक्निशियनने विचारलं, "आता कुठं आहेत ते?"

"काय माहीत. केंद्रातच राहायचे ना, त्याला कुलूप लागलं. मी म्हटलं गाडीतून सोडतो, तर नको म्हणाले. एक पिशवी होती हातात. खोकला फार वाईट होता हो त्यांचा."

गाडीवाला गेल्यावर टेक्निशियनने मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की तो माणूस कंत्राटी होता. कंत्राट संपलं, आता त्याचा ठावठिकाणा आमच्याकडे कसा असेल? जन्मभर अख्ख्या गावाला फोन जोडून देणाऱ्याकडे या एका माणसाचा नंबर नव्हता.

त्याने खोकं उघडलं. कार्ड जुन्या मऊ बनियनमध्ये गुंडाळलं होतं आणि कार्डाच्या धातूच्या पट्ट्या पुसून लख्ख केल्या होत्या. आपलं कार्ड काढून त्याने ते बसवलं. पहिल्याच फटक्यात ते लागलं, दिवा हिरवा झाला, मुख्य केंद्राकडची लाईन सुरू झाली. कामातून गेलेल्या कपाटाचं कार्ड असं लागत नाही. त्याच्या कपाटाचं दुखणं पलीकडच्याने आपल्या नावावर घेतलं होतं. टेक्निशियन कपाटाला टेकून रडला.

मग डोळे पुसून त्याने हँडसेट उचलला.

"आली का रे?" त्याने विचारलं.

हँडसेटमध्ये साधी खरखरही नव्हती. तेवढ्यात मागून बायकोची घंटी वाजली. त्याला जा म्हणणारं कुणी नव्हतं. ती पुन्हा वाजली, तेव्हा हँडसेट जागेवर ठेवून तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी झाडू मारायला येणाऱ्या मावशी कपाटापाशी थबकल्या. दार सताड उघडं होतं.

"लावू का? धूळ जाईल आत."

"राहू द्या, मावशी," तो म्हणाला.