येतो म्हणून गेलेला

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो. माझ्या काठाचा टवका उडाला आहे, आणि कित्येक वर्षांत माझ्यातून कोणी जेवलेलं नाही.

माझी माती जपानची. एका कुंभाराने मला चाकावर घडवलं, राखेची निळसर झिलई दिली आणि भट्टीत ठेवलं. विस्तवातून बाहेर आलो तेव्हा मला एकच विद्या येत होती: ऊब धरून ठेवणं. ओकादा नावाच्या माणसाच्या ट्रंकेतून मी समुद्र ओलांडला. कॅनडातल्या सरे शहराहून पूर्वेला डोंगरात चढत जाणाऱ्या हायवेच्या कडेला त्याने रामेनचं हॉटेल काढलं. रामेन म्हणजे गरम रसातल्या गव्हाच्या लांब शेवया. आत लाकडी काउंटर, मागे उकळणारी पातेली, दारावर कागदी कंदील. रात्री-अपरात्री ट्रकवाले येत, भुरके मारत आणि जाताना माझ्या रिकाम्या तळाकडे बघून समाधानाने हसत. तेवढं कौतुक मला पुरत असे.

एकोणीसशे बहात्तरच्या हिवाळ्यात नेहेम्या येऊ लागला. तो रेवदंड्याकडचा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू; घर सरेला आणि नोकरी घाटापलीकडच्या लाकडाच्या मिलमध्ये. शनिवारचा शब्बाथ घरी पाळून तो अधूनमधून रविवारी रात्री या वाटेने कामावर परतत असे. आपल्याला डुकराचं चालत नाही, असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. ओकादाने त्याच्यासाठी सुक्या मासळीचा रस वेगळा उकळला.

एकदा त्याची बायको जेमिमाही सोबत आली. वाफ नाकाशी येताच तो तिला म्हणाला, "घे, तुझ्या माहेरचा वास."

"माझ्या माहेरी शेवया दुधात घालतात," ती म्हणाली. "मासळीत पोहणाऱ्या शेवया बघायला कॅनडात यावं लागलं."

तो मला दोन्ही तळव्यांत धरून खात असे. त्याची अंगठी माझ्या काठावर टक्क वाजे. हा टवका त्या अंगठीनेच उडाला. मला त्याचं दुःख नाही.

निघताना तो दारात वळून म्हणे, "ओके ओकादासाहेब, आय ॲम कमिंग."

पहिल्यांदा हे ऐकून ओकादा उजाडेपर्यंत कंदील जळता ठेवून बसला होता. पुढच्या खेपेला नेहेम्या आला तेव्हा ओकादा गंभीरपणे म्हणाला, "यू आर लेट." नेहेम्या पोट धरून हसला. अर्थ सांगायचं त्या हसण्यातच राहून गेलं. पुढे तो दोघांचा नेहमीचा विनोद झाला.

मग एका जानेवारीत बर्फ असं कोसळलं की कंदिलाचा उजेड दारापुढेच संपू लागला. ओकादाने त्याला राहायचा आग्रह केला. मिलमध्ये आधीच एक खाडा झाला होता. दुसरा झाला तर कामावरून काढतील, असं नेहेम्याने सांगितलं. "आय ॲम कमिंग," तो म्हणाला, आणि दार लागलं. त्या रात्री घाटात बर्फाचा कडा सुटला. वसंतात दरीतून त्याची गाडी निघाली. तो निघाला नाही.

ओकादाला कोणी काही समजावलं तर तो एवढंच म्हणे, की त्याने येतो म्हटलंय. रोज हॉटेल बंद केल्यावर तो मला नेहेम्याच्या जागी मांडी, रस आणि शेवयांनी भरी आणि कंदील तेवत ठेवी. सुरुवातीला मी नुसताच निवत गेलो. मग एका रात्री दोन तळव्यांनी मला वेढलं. आतून मी वाफाळत होतो, बाहेरून मात्र कोणी बर्फच बोटांच्या आकारात लिंपलं होतं. टक्क. पहाटे मी तळापर्यंत कोरडा होतो, आणि माझ्या अंगावर बोटांचे दंव साचलेले ठसे होते. ठशांची गोष्ट पसरली आणि हळूहळू ट्रकवाले यायचे थांबले.

इकडे जेमिमाने नेहेम्याच्या नावाचा दिवा लावलेला नव्हता. देह सापडला नव्हता. दिवा लावणं म्हणजे आपल्याच हाताने त्याला मेलेला ठरवणं, असं तिला वाटे. पुढच्या हिवाळ्यात ती हॉटेलात आली. ओकादाने तिला ते ठसे दाखवले, नेहेम्याने दिलेला शब्द सांगितला.

तिने ठसे वाकून पाहिले. मग इंग्रजीत म्हणाली, "साहेब, आमच्या भाषेत घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. ते अशुभ. 'येतो' म्हणतात. ते तेच म्हणत होते."

"देन ही वॉज सेइंग गुडबाय," ओकादा पुटपुटला.

त्या रात्री ती थांबली. ओकादाने मला भरलं आणि तो मागे सरला. कंदील हलला. तळवे आले. टक्क.

"अहो," जेमिमा म्हणाली, "किती गार पडलात." तिचा हात माझ्यापर्यंत आला आणि थबकला. "मिलमधलं कोणी आता रागावणार नाही. आज येतो म्हणू नका. जातो म्हणा. मी सांगते ना, चालेल."

तळवे सैल झाले. दारापाशी कोणीतरी एकच शब्द बोललं. तो मराठी होता. ओकादाला कळला नाही. जेमिमाने मान हलवली.

पहाटे रस तसाच होता, वर साय धरलेला. तिने मला रिकामं केलं, धुतलं, माझ्यात पाणी ओतून वर तेलाचा थर सोडला आणि वात पेटवली.

ओकादाने मला तिलाच देऊन टाकलं. आज चौऱ्याऐंशी साल आहे. वर्षातून एकदा मी त्याच्या नावाचा दिवा होतो. एरवी सरेच्या बेसमेंटमध्ये उपडा पडून धूळ खातो. तिची मुलगी डेझी मला जुन्या सामानाबरोबर गराज सेलमध्ये विकायला काढायचं म्हणते.

मित्रांनो, मी तुमच्या हाती आलो तर मला धुवा, माझ्यात खुशाल तेल ओता. पण रिकाम्या जागेपुढे मला गरम रसाने भरून ठेवू नका. आणि दारात वळून 'येतो' म्हणाल ते जपून म्हणा. मला अजूनही एकच विद्या येते, आणि आता मला ठाऊक आहे की ऊब जशी धरून ठेवता येते, तसा शब्दही धरून ठेवता येतो.