नवरा झोपला होता

माझ्या बायकोचा हात गेला तेव्हा मी झोपलेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. मी सुतार आहे. त्या दुपारी एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी बाथरूमचं दार बसवत होतो, आणि ते दार हट्टाला पेटलं होतं. पण विमा कंपनीच्या कागदात मी झोपलोय. तिथे मी भर दुपारी आमच्या पलंगावर घोरतोय आणि बाहेर माझ्या करवतीच्या मशीनवर माझी बायको स्वतःची बोटं कापून घेतेय. असा नवरा दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या.

बायको छापखान्यात कामाला होती. छापलेल्या कागदांचे गठ्ठे कापायचं मशीन तिच्याकडे होतं. गठ्ठा आत सरकवायचा, कडा जुळवायच्या, की वरून लांबलचक पातं येतं आणि अख्खा गठ्ठा कापून जातं. या मशीनला दोन बटणं असतात, मुद्दाम लांब लांब ठेवलेली. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं जागचं हलत नाही. बनवणाऱ्यानं डोकं लावलं होतं. दोन्ही हात बटणांवर अडकलेले असले की पात्याखाली जायला हात उरतो कुठे?

पण तसं नियमानं काम करून जेवढा माल निघायचा तेवढ्यानं मालकाचं भागत नव्हतं. म्हणून डाव्या बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची जाड घडी खुपसून ठेवायची. बटण दाबलेलंच राहतं, डावा हात मोकळा होतो. मग डाव्या हातानं गठ्ठा जुळवत राहायचं आणि उजव्यानं पातं पाडत राहायचं. सगळ्या मशीनवर असंच चालायचं. उजव्या बटणाला बायका ‘बायको’ म्हणायच्या आणि डाव्याला ‘नवरा’. घडी खुपसली की नवरा झोपला. राबायचं एकट्या बायकोनं.

हे बारसं माझ्या ताईनं केलेलं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, त्या खात्याची सुपरवायझर. रोज सकाळी ती मशीनच्या मधून फिरायची आणि विचारायची, झोपवले का गं सगळ्यांनी आपापले नवरे? कुणी साहेब तपासणीला येणार असला की निरोप फिरायचा, नवरे उठवा. साहेबाची पाठ वळली की नवरे पुन्हा आडवे. बायकोनं पहिल्यांदा घरी हे सांगितलं तेव्हा मला जेवता जेवता हसून ठसका लागला. काम कोण करतं हे आमच्या मशीनलासुद्धा कळतं, असा एक टोमणाही वर मिळाला.

आमची आई लवकर गेली. मला ताईनंच वाढवलं, माझं लग्न तिनंच ठरवलं, आणि धंदा बसला तेव्हा बायकोला छापखान्यात तिनंच चिकटवलं. ताईचं स्वतःचं असं कुणी नाही. छापखाना आणि आम्ही, एवढाच तिचा संसार.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी बायकोच्या मशीनवर गठ्ठा तिरका झाला. तो सरळ करायला तिनं डावा हात आत घातला आणि सवयीनं उजव्या हातानं बटण दाबलं. चार बोटं गेली. अंगठा राहिला. ताईनं आपल्या पदरात तो हात गुंडाळला आणि तिला दवाखान्यात नेलं. तेवढ्यासाठी मी तिचं नाव काढतो, आजही काढतो.

दवाखान्यातल्या पोरगेल्या डॉक्टरनं काय झालं म्हणून विचारलं. बायको अर्धवट शुद्धीत होती. ती रोजच्या भाषेत बोलली, "नवरा झोपला होता. मी हात घातला." डॉक्टरनं ताईकडे बघून विचारलं, घरी झालं का? ताई म्हणाली, "हं." डॉक्टरनं लिहून टाकलं. अंगाला भुसा लागलेला तसाच धावत मी पोचलो तोवर माझी झोप सरकारी शाईत उतरली होती.

ताई नंतर म्हणाली, मी घाबरले होते, माझं लक्षच नव्हतं, तोंडातून नुसतं ‘हं’ निघालं. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

बायको घरी आल्यावर विमा कंपनीचा माणूस आला. सभ्य गृहस्थ. चपला दाराबाहेर काढल्या, पाणी नको म्हणाला, बायकोच्या हाताकडे टक लावून बघितलं नाही. त्यानं समजावलं की कायदा कामगाराच्या बाजूचा आहे. चूक कुणाची ते बघतच नाही. कामावर लागलं ना, मग भरपाई मिळणार, त्यासाठी मालकाशी भांडायला नको. फक्त दोन गोष्टी नकोत. एक, कामाच्या बाहेर लागलेलं नको. दुसरी, मशीनला सुरक्षेसाठी जे दिलेलं असतं ते कामगारानं आपल्या मनानं बंद केलेलं नको. वरच्यानं करायला लावलं असेल तर गोष्ट वेगळी.

दोनच गोष्टी. आमचं नशीब असं की एक लिहिलेली होती आणि दुसरी खरी होती.

मग त्यानं माझ्या करवतीचा फोटो काढला. चारी बाजूंनी काढला. मी म्हटलं, अहो, मी त्या वेळी घरी नव्हतो, मास्तरांना विचारा. तो शांतपणे म्हणाला की मग मशीन मोकळंच होतं म्हणायचं. अशा माणसाशी काय बोलणार? मी झोपलेलो असलो तरी करवत दोषी, जागा असलो तरी करवत दोषी. छापखान्यात बायकोचं हजेरीचं कार्ड जेवायला बाहेर पडल्याचं दाखवत होतं. घर जवळच आहे, ती अधूनमधून जेवायला यायचीही. ते कार्ड कुणी दाबलं हे तिथे कुणालाच आठवत नव्हतं. मशीन धुतलेलं होतं, आणि त्या दिवसापासून सगळे नवरे टक्क जागे होते.

मी बायकोबरोबर काम करणाऱ्या बायकांच्या दारोदार फिरलो. कुणी चहा दिला, कुणी डोळे पुसले, पण तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं. घडीचं बोलायचं म्हणजे स्वतःच्या घडीचंही बोलायचं, आणि मग नोकरीवर पाणी सोडायचं. मी चिडलो, पण त्यांना नावं ठेवता येईनात. उरली ताई. घड्या घालायला सांगणारी तीच, मालकाच्या हुकमानं. ती एवढं एक वाक्य बोलली की दोन्ही गाठी सुटत होत्या. हात छापखान्यातच गेला हे ठरलं असतं, आणि घडी बायकोच्या मनानं घातली नव्हती हेही.

कंपनीनं भरपाई नाकारली, म्हणून आम्ही सरकारी कचेरीत अर्ज केला होता. त्याच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आली. बायकोला एका हातानं वेणी घालता येत नाही, म्हणून ताई तिला पुढ्यात घेऊन बसली. सावकाश गुंता सोडवला, तेल लावलं, घट्ट वेणी घातली. बायको म्हणाली की उद्या बोलायला जमेल ना, ताई? मालक तुम्हाला त्रास देईल. ताईनं वेणीचं टोक बांधलं आणि म्हणाली, "मी आहे ना. सगळं सांगते मी." त्या रात्री बायको बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, एक कपाट, आणि भिंतीला टेकवलेली बाकं, त्यांतलं एक मोडकं. टेबलाच्या पलीकडे अधिकारी बाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर सारून. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला विम्याचा माणूस, छापखान्याचा मॅनेजर आणि ताई. ती तिकडच्या बाकावर बसली तेव्हा मला वाटलं, इकडे जागा कमी आहे म्हणून बसली असेल.

बाईंनी आधी बायकोचं म्हणणं ऐकून घेतलं, नवरा म्हणजे काय ते समजावून घेतलं. त्यांना क्षणभर हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग त्यांनी ताईला उभं केलं.

"तुमच्याकडे मशीनच्या डाव्या बटणाला नवरा म्हणतात, हे खरं आहे?"

"नवऱ्याला नवरा म्हणतात, बाई," ताई म्हणाली. "बटणाला बटण म्हणतात."

मॅनेजर गालात हसला. मला वाटलं ताई आता पुढे बोलेल, एवढं बोलून थांबणार नाही. ती थांबली.

"मग त्या दिवशी झोपलं कोण होतं?"

"माझा भाऊ. जेवला की त्याचा डोळा लागतोच. लहानपणी मीच त्याला थोपटून निजवायची."

हे तिनं मायेनं सांगितलं. तेच मला सहन झालं नाही. खोटं बोलायचंच होतं तर परक्यासारखं बोलायचं होतं. कुणी शिकवलेलं पाठ करून बोलायचं होतं. आई गेल्यावर रडून रडून दमलेल्या पोराला जिनं थोपटलं, तिनं तेच थोपटणं आणून त्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवलं. केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या खोलीत कळलं. मी उठून उभा राहिलो आणि मास्तरांचं दार, चौकट, बिजागऱ्या असं काहीबाही बोलू लागलो. बाईंनी हातानं खूण करून मला बसायला सांगितलं.

तेव्हा बायको बोलली. तिचा आवाज चढला नाही. "नवरा म्हणजे डावं बटण. त्यात मी पुठ्ठा घातला होता. रोज घालत होते. लिहा."

विम्याच्या माणसानं मान वर केली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून घातला? बायकोनं मान वळवली. ती ताईकडे बघत राहिली. ताईला अजून एकदा संधी होती, अख्ख्या खोलीला ते कळत होतं. ताई आपल्या हातांकडे बघत होती, दोन्ही हातांकडे.

"असं लिहिलं तर तुम्हाला काही मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "कळतंय ना?"

"कळतंय. तसंही मिळणार नव्हतंच. पण माझा हात तिथे गेला. ह्यांच्या करवतीवर नाही गेला. एवढं तरी खरं लिहा."

बाईंनी लिहिलं. पुढे निकाल आला, त्यात नवीन काही नव्हतं. इजा कामाच्या जागी झाली, कामगाराच्या स्वतःच्या कृत्यानं झाली, अर्ज नामंजूर. मी करवतीपासून सुटलो. विम्याच्या माणसानं त्या दिवशी निघताना बायकोला नमस्कार केला, आणि मला वाटतं तो मनापासून होता. त्याचं काम झालं होतं.

सुनावणी संपल्यावर बायको जिना उतरून गेली. मी कागद आवरून मागून जिन्यात आलो. ताई माझ्याजवळ आली आणि रडायला लागली. मालकानं तिला सांगितलं होतं की घड्यांचं नाव काढलंस तर सगळं तुझ्याच डोक्यावर येईल, आम्ही कानावर हात ठेवू. या वयात तिला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? मला थोपटण्याचं बोलायलाही मॅनेजरनंच सुचवलं होतं का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली. ते तिला आपलं आपणच आठवलं होतं.

तिची भीती खोटी नव्हती. मला ती कळत होती. कळत होती म्हणून राग कमी होत नव्हता, उलट बसायला जागा मिळाल्यासारखा तो आत ठाण मांडून बसला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चल, बस चुकेल. तिला उन्हात उभी करू नकोस."

जन्मापासून मी तिला अगं-तुगं करत आलोय.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

तिला वाटलं मी आणखी कुणाला तरी म्हणतोय. तिनं मागे वळून बघितलं. जिन्यात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.